उठून बघायची गादी

नई सडकेवर बांदिलच्या दुकानात
भाऊंनी आधी बूट काढले,
मग चष्मा, घड्याळ, पेन्शनचं पासबुक
एकेक करून माझ्या हातात दिलं,
ड्यूटी संपवून चार्ज द्यावा तसं.

मी सगळं पाठ करून आले होते.
डेन्सिटी किती? चाळीसच्या खाली नको.
चेन उघडा, पोटात काय भरलंय ते बघू द्या,
वरची फुलं काय दाखवता.
काठावर बसले, काठ खचला नाही.
शिवण नखाने ओढली.
तळहात रोवून धरला, उचलला,
आणि मनात मोजलं: एक, दोन, तीन.
तिनाच्या आत खळगा भरला पाहिजे.

हे शफीमियाँचं.
ते थंडीच्या तोंडावर धुनकी खांद्याला लावून
लष्करात, आमच्या गच्चीवर चढायचे.
मूठभर कापूस दाबून सोडायचे माझ्यासमोर:
"जो लौटकर न आए, बिटिया, वो रुई नहीं, रद्दी है."
दुपारभर तात वाजायची
आणि संध्याकाळी आम्हा सगळ्यांच्या भुवया म्हाताऱ्या.

"दस साल की वारंटी है, अंकलजी."
भाऊ म्हणाले, "किसकी?"
बांदिलचा मुलगा हसला.
मी पुन्हा शिवण बघायला लागले.

मग ते आडवे झाले.
एकतीस वर्षं छोट्या लाईनचा गार्ड,
श्योपुरच्या रनिंग रूममध्ये
काथ्याच्या गादीवर झोपलेला माणूस.
घरी यायचे तेव्हा पाठीवर
काथ्याच्या रेघा असायच्या,
मी त्यांवर बोटाने गाडी चालवायचे.
जौरा, कैलारस, सबलगढ.
आता त्या पाठीखाली, कमरेपाशी
मी हात सरकवून बघितला.
अडकला नाही, मोकळाही राहिला नाही.
म्हणजे आधार बरोबर आहे, असं म्हणतात.
मी हात जरा वेळ तिथेच ठेवला.

आणि भाऊ झोपले.
दुकानात, भर बाजारात, तोंड उघडं टाकून.
चहावाला आला, कप न वाजवता ठेवून गेला.
नवं लग्न झालेलं एक जोडपं
खिदळत एका बोटाने गाद्या टोचत होतं,
ते आपोआप कुजबुजायला लागलं.
बांदिलच्या मुलाने पंखा त्यांच्याकडे वळवला
आणि माझ्याकडे बघून मान डोलावली:
गादी विकली गेली होती.

चाळीस मिनिटं.

मग दचकून: "सबलगढ गेलं?"

उठायला लागले
तर कोपर आत गेलं.
दुसरा हात टेकला, तोही गेला.
पाय जमीन शोधत राहिले.
फोम त्यांना सोडेना,
लग्नघरी निघालेल्या पाहुण्याला
"आता जेवूनच जा" म्हणतात ना, तसा.
मुलाने हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.
तिसऱ्या खेपेला, कुशीवर वळून, उशीचा टेकू घेऊन
उभे राहिले. शर्ट ठीक केला.
घड्याळ मागितलं.

"झोपवते छान," म्हणाले. "उठवत नाही.
गादी उठून बघायची असते."

माझ्या यादीत हे नव्हतं.
शफीमियाँच्याही नव्हतं, कदाचित;
त्यांनी कधी आमच्या गादीवर पाठ टेकली नाही,
भरून, टाके घालून, जिना उतरून जायचे.

शेवटी घेतली ती काथ्याची,
वर दोन बोटं रबराची,
कोपऱ्यात उभी होती, धुळीने माखलेली.
बांदिलच्या मुलाने ती नाइलाजाने झटकली.
भाऊ तिच्यावर पाच वेळा बसले, पाच वेळा उठले,
सहाव्यांदा नुसतेच हसले.

सामानाच्या रिक्षात गादी दोरीने बांधली.
मी म्हटलं, पुढे बसा, ऊन लागेल.
ते मागे बसले, मागे तोंड करून,
एक हात दोरीवर.
बाजार दोन्ही अंगांनी नीट तपासला,
आणि दुसरा हात बाहेर काढून
सावकाश हलवला.

ड्रायव्हर फोनवर बोलत होता,
त्याने काही बघितलं नाही.
तरी रिक्षा त्याच क्षणी सुटली.