सत्तावीस नंबरला घाई नाही

रविवारी पाषाण रस्त्यावर शुकशुकाट.
गेटवरच्या वाघचौऱ्यांनी वही पुढे केली : कामाचं कारण?
मी लिहिलं, "खाणं घालायला."
त्यांना वाटलं, उंदरांना.

आत इन्क्युबेटर, सदतीस अंश.
दोन बशा शेजारी शेजारी.
एकाच बाटलीतलं गुलाबी पाणी,
एकच हात, माझाच.
नववा दिवस.

चार नंबरनं फुलं मांडलीत :
पेशी पाकळ्यांसारख्या उभ्या, मधे इवलीशी पोकळी.
अशाच एका पोकळीभोवती
कधीतरी माझंही डोकं सुरू झालं असणार.
खाऊन खाऊन त्यानं पाणी पिवळं केलंय.

सत्तावीस नंबर नुसता पसरलाय.
कडेच्या दोन-चार लांबट पेशी
भलत्याच वाटेला लागलेल्या.
पाणी जवळजवळ तसंच, गुलाबी.

कीर्तने मॅडम म्हणाल्या, ती लाइन काढून टाक,
आलेख बिघडतो.
मी हो म्हटलं.
तेव्हा शुक्रवार होता, सहा वाजून गेले होते.

आई सांगते, विरजण तेच गं,
पण सदाशिव पेठेत लागायचं तसं दही
तुझ्या सूसच्या फ्लॅटमध्ये लागत नाही.
इथे तर घरही एकच आहे, आई.
दूध वेगळं.

कुणाचं, ते फॉर्मवर :
स्त्री, वय एकेचाळीस, रक्त दहा मिलिलिटर.
नावावर काळी पट्टी.
ते रक्त आम्ही उलट चालवत
आरंभापाशी नेलं, आणि म्हटलं, चल आता, मेंदू हो.

आत्ता कुठे असेल ती?
हडपसरला मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत,
नाहीतर झोपलेली, रविवार आहे.
तिला काय कल्पना
की तिच्यातलं चिमूटभर काहीतरी
इथे नवव्या दिवसावर अडून बसलंय
आणि मी, दहावीला दोनदा बसलेली,
त्याला म्हणतेय, उशीर झाला.

कुणापेक्षा?

नवी बशी काढते.
औषध निम्म्यावर आणते. चुकेलही.
झाकणावर मार्करनं तारीख,
वहीत एक ओळ : सत्तावीस, चौदाव्या दिवसापर्यंत थांबणे.
'थांबणे'खाली रेघ मारते. मॅडमना सोमवारी दिसेलच.

बाहेर पडताना वाघचौरे विचारतात,
जेवले का सगळे?
एक जण जेवला, म्हणते मी,
एक जण सावकाश जेवतो.