गार्ड उपलब्ध नाही

बराक तीनचा काथोड मढवी,
जीभ दाखव म्हटलं तरी आधी हात वर करतो.
झडतीची सवय.

खरजेचं मलम मी त्याच्या बोटावर काढून देतो;
डबी आत जात नाही,
काचेचं तर काहीच जात नाही.
खोकला तेवढा तट ओलांडून
कळव्याच्या खाडीपर्यंत जाऊन येतो.

सिव्हिलची चिठ्ठी चारदा लिहिली.
चारदा लाल शाईत शेरा : गार्ड उपलब्ध नाही.

आज स्टेथो उचलायला गेलो तर म्हणाला,
"सायेब, राहू द्या जरा.
कोनीतरी ऐकतंय
आसं वाटतं."

बाहेर रांगेत एकोणीस जण,
हवालदार दाराशी काठी आपटतोय.
मी कानातून नळ्या काढल्या नाहीत.

मग पाचवी चिठ्ठी.
निदानाच्याही आधी
मागच्या चारही तारखा.