कोतवाल बुक

पंचायतीच्या कपाटात, फुटक्या माइकच्या खाली,
वाळवीनं कडा खाल्लेली कोतवाल बुकं सापडली,
त्यांच्या पाठीला बांधलेली पुढची रजिस्टरंही.
वरून हुकूम आहे : सगळं संगणकात चढवा.
म्हणून मी, वैजंती नेहारे, रोजंदारीवरची ऑपरेटर,
लाईट येईस्तोवर
मेलेल्यांची अक्षरं लावत बसते.

डावीकडे जन्म. उजवीकडे मरण.
मधे शाईची रेघ, धुऱ्यासारखी,
दोन्हीकडच्यांनी थोडी थोडी कोरलेली.

मानमोडीच्या साली उजवीकडे जागा पुरली नाही.
कोतवालानं समासात माणसं लिहिली,
आडवी.
पान उलटलं तर त्याचंच नाव, दुसऱ्याच्या हातानं.

पुढं कितीतरी वर्षं गाव जागचं हललं नाही :
चौदा आले, तेरा गेले.
अकरा आले, बारा गेले.
आयांची भीती नावांत वाचता येते.
कवडू, दगडी, फकिरा, उकंडा;
यमाला वाटावं, इथं उचलण्यासारखं काही नाही.
तरी उचलायचाच.
उकंडा डावीकडे,
आणि सव्वा महिन्यानं उजवीकडे,
तेच वळण, तीच शाई.

मग एका पानापासून उजवी बाजू विरळ होत जाते.
देवी टोचणारा आला असेल सायकलवर,
विहिरीत पांढरी पूड पडली असेल.
मरण मागे सरकलं, पण ही बातमी
चुलीपर्यंत पोचायला तीस वर्षं लागली.
सहा होतील तेव्हा दोन राहतील,
हा हिशेब बायांच्या हाडात मुरलेला.
सहा झाले. सहाही राहिले.

गिरजाबाई कोडापे, गावाची जुनी सुईण, म्हणते,
"तवा एका वाकयीखाली चौदा पाय राहत, पोरी.
कोनाचा कोनता, सकायी मोजा लागे."

शाळेत मी दाटी अशी शिकले नव्हते.
तिथं होतं : लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ.
खालचा आकडा तर इथं कधी बदललाच नाही,
चारशे बारा हेक्टर, नाला धरून.
वाटण्या झाल्या, धुरे वाढले.
धुऱ्यांनीच एखादं वावर खाल्लं असेल.

नंतर शिबिराची गाडी आली.
डावीकडची नावं कमी झाली, लांब झाली, नवी झाली :
स्नेहल, प्रज्वल, श्रेयस.
यमाला फसवायचं आता कुणाच्या डोक्यात नाही.

आणि शेवटची सात वर्षं
डावा रकाना कोरा.
उजवीकडे नऊ, अकरा, आठ, पुन्हा अकरा.
संगणकाला विचारा, तो सांगेल
या गावात लेकरं होत नाहीत, फक्त म्हातारे संपतात.
खरं म्हणजे बाळंतपणं होतात आर्वीला, दवाखान्यात,
आणि जिथं जन्म तिथंच कागद.
मरायला मात्र माणूस घरी येतो,
बुटीबोरीहून, चाकणहून, सलाईनची सुई हातात ठेवून,
"घरी न्या मले" म्हणत.

जे मेले नाहीत, नुसते गेले,
त्यांच्यासाठी कुणी रकाना आखलाच नाही.
एकतीस कुलपं आहेत. मी मोजली.
गिरजाबाईची वाकय आता तिला एकटीला
मोठी होते.
ती दुमडून घेते.

काल भोयरांची प्रणोती लेक घेऊन आली,
माहेरी आलेली, तीन महिन्यांची पोर.
आधार कार्डाचं विचारत होती.
पोरीला टेबलावर ठेवलं, उघड्या रजिस्टरावर,
डावीकडं, मी मुद्दाम नाही हो.
तिनं पाय झाडले, दुपटं ओलं केलं.
सात वर्षांच्या कोऱ्या जागेत
तळहाताएवढा पिवळट डाग.

प्रणोती शरमली, पदरानं पुसायला लागली.
गिरजाबाई दारातूनच हसली, "राहू दे वो, वायन थे."

हा डाग कसा चढवायचा, हुकुमात लिहिलेलं नाही.
मी पान उन्हात धरून उभी राहिले.
तेवढ्यात लाईट आली.