फलकासाठी मजकूर

वॉर्ड ऑफिसातून राजगुरव साहेबांचा फोन:
मॅडम, गावाच्या तोंडाशी फलक लावायचाय.
तिवरणे, प्रेक्षणीय स्थळं.
ऐंशी शब्दांत द्या, सोमवारपर्यंत.
तुम्ही इथल्याच ना?

इथलीच.
मधल्या सुट्टीत, हजेरीच्या मागच्या पानावर
लिहायला घेतलं.

पूर्वेला पारसिकचा डोंगर
(एका अंगाने खाल्लेला.
आमच्या उंबऱ्याचा दगड तिथलाच,
समोरच्या बावीस मजल्यांची खडीही).
पाम बीच रोडवरून जाताना दिसतं ते तिवरांचं हिरवं,
त्याच्या मागे आम्ही.
आमच्या मागे खाडी.

खाडीत रोहित पक्षी. हे लिहायलाच हवं.
जानेवारीत दुर्बिणी घेऊन लोक येतात,
आमच्याच धक्क्यावर आम्हालाच शूऽ म्हणतात.
ओहोटीच्या चिखलात पक्षी मान उलटी घालून जेवतात,
आणि त्याच चिखलात मांडीपर्यंत रुतून
माझी चुलती बारकूबाय निवट्या धरते.
परवा एकजण तिला म्हणाला,
ताई, जरा फ्रेमच्या बाहेर व्हा.
ती म्हणाली, तूच हो. माझा पाय निघत नाय.

बुरूज. एकच उरलाय,
वडाच्या मुळ्यांनी मुठीत धरलेला.
कुणी बांधला यावर गावात दोन मतं आहेत,
दोन्ही मतांची माणसं संध्याकाळी तिथेच पत्ते खेळतात.

गावदेवी. खाडीकडे तोंड.
अजून तसंच आहे,
मध्ये पार्किंग आलं एवढंच.

इथवर एकोणसत्तर शब्द,
चुलती आणि पत्ते वगळून.

राहिला खुंटा.

हा स्थळांत बसतो का, कळेना.
एटीएमच्या पायरीशी, कंबरेएवढा,
ऐनाच्या लाकडाचा,
दोर घासून घासून मानेला पडलेली खाच.
आता त्याला स्कूटर टेकवतात.
माझ्या आज्याची होडी इथे बांधलेली असायची.
मग भराव आला, पाणी मागे गेलं.
किती मागे, ते चौथीच्या मुलांना घेऊन मोजलं मी:
दोनशे चौदा पावलं. मुलांची.

आज्याचा धाकटा भाऊ, पोसू नाखवा,
पेन्शन काढायला येतो माझ्याबरोबर.
आत जाण्याआधी खुंटा दोन्ही हातांनी धरून हलवतो.
काय करतंस, बाबा?
उधान हाय आज. घट हाय का बगतंय.

हसले होते मी.

गेल्या श्रावणात, अवसेच्या भरतीला,
गटाराच्या झाकणातून पाणी वर आलं,
गढूळ, खारट, कुणालाही न विचारता.
स्कूटर आडव्या झाल्या. एटीएमचा पडदा विझला.
खुंट्याभोवती पाणी उभं राहिलं, जुनी ओळख असल्यासारखं.
आणि पोसू नाखवा घरातून आला, हातात दोर.
बांधायला होडी नव्हती.
एक टोक त्याने खुंट्याला बांधलं,
दुसरं मनगटाला गुंडाळून
चाळीस मिनिटं तसाच उभा राहिला,
पाणी उतरेपर्यंत.

यातलं काही ऐंशी शब्दांत बसलं नाही.
सोमवारी मजकूर दिला.
साहेबांनी ‘रोहित’चं ‘फ्लेमिंगो’ केलं.

काल फलक आला, टेम्पोतून.
दोन पोरं दिवसभर खड्डे खणत होती.
भरावाची माती, जिथे रोवावा तिथे कलतो.
शेवटी एकजण खुंट्यापाशी गेला, हलवून बघितला,
ओरडला, हाच एक पक्का आहे, यालाच ठोकू का?

मी काही बोलणार, तोवर
ओट्यावरून आवाज आला:
खिला नको. बांद.

त्यांना गाठ येईना.
म्हातारा उठला, सावकाश,
दोर ओला केला नळाखाली,
खाचेत बसवला,
आणि सगळी प्रेक्षणीय स्थळं
एका गाठीत बांधून
परत ओट्यावर जाऊन बसला.