विश्वस्त क्रमांक तीन

पाचपावलीतल्या त्या माडीवरच्या दोन खोल्या
कागदावर माझ्या आहेत.
म्हणजे मी, बारापात्रे आणि हेडाऊ वकील, आम्हा तिघांच्या;
आणि तिघांपैकी कुणाच्याच नाहीत.

गिरजाबाई निखारेनं चार माग विकून बांधल्या,
जाण्याआधी लिहून दिल्या
वस्तीतल्या शिकणाऱ्या मुलींसाठी.
कोणत्या मुली, ते लिहिलं नाही.
त्यातल्या कितीतरी तेव्हा जन्मल्याही नव्हत्या.
मालक अजून यायचे आहेत,
तोवर दार उघडा, झाडून घ्या, घरटॅक्स भरा,
असं काहीसं ते न्यासपत्र म्हणतं,
सरकारी मराठीत.

पोरगा म्हणतो, "बाबा, तुमच्याच नावानं आहे ना?
मग काहून भीता? इकडं आपलं छप्पर गळून राहिलं."
त्याला कसं सांगू,
काही नावं धरायला असतात, खायला नाही.
काटोलकडे संत्र्यांनी वाकलेल्या फांदीला
बांबूचा टेकू देतात.
बांबूला संत्रं लागलेलं
मी तरी पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र आहे.
एका मे महिन्यात शेवंता मेडिकलला होती,
आणि चेकबुक माझ्या पिशवीत, डब्याशेजारी.
बारापात्रेची सही कोऱ्या चेकवर आधीच होती,
विश्वासानं.
चार हजार उचलले.
एकोणीस दिवसांनी भरले, वर तीस रुपये व्याजाचे.
वहीत लिहिलं : विश्वस्ताने वापरले. चूक.
ऑडिटरनं त्या ओळीवर हिरवी खूण केली
आणि पान उलटलं.
मला वाटलं होतं, तो विचारील.
अजून वाटतं.

आता गुडघे जिना चढू देत नाहीत.
सिव्हिल लाइन्सला जाऊन, धर्मादायच्या खिडकीत
बदल अर्ज टाकून आलो.
माझ्या नावावर आडवी रेघ येईल,
खोल्यांना कळणारही नाही.
माझ्या जागी भाग्यश्री सोनकुसरे :
पंख्याखालची जागा मिळाली नाही की रुसायची,
चौथ्या बाकावर पाय हलवत पाढे म्हणायची.
आता मेयोत नर्स आहे.

तिला वही दिली, ते पान दुमडून.
तिनं उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं असावं.
मग किल्ली घेतली, फिरवून पाहिली,
म्हणाली, "काका,
कुलपात तेल टाकावं लागते."