दोन टिंबं

मोहननगरच्या कोपऱ्यावर माझं दुकान, सहा बाय नऊ.
जर्सीवर नाव-नंबर छापून मिळतील.
खाली बारीक अक्षरात: फॉल-पिको.

जर्मनीतला शनिवार दुपारी साडेतीनला सुरू होतो.
आमच्याकडे तेव्हा रात्रीचे आठ,
आणि मी हीट प्रेस बंद करायला जाते
तोच ही पोरं अर्ध्या शटरखालून वाकून आत.
सुगत मेंढे, नागेश्वररावांचा धाकटा,
कामठीहून बाईकवर शादाब.
एक मोबाईल, तीन डोकी.

आज पेनल्टी दिली नाही.
"कोपर लागला बे, साफ लागला."
"अंगाला चिकटून होता ना राजा."
"चिकटून? तू असा हात घेऊन फिरते का?"
शादाब उभा राहून दाखवतो
हात कुठे होता, बॉल कुठून आला.
त्यात माझा दोऱ्यांचा डबा आडवा होतो.
चित्र मागे, पुढे, पुन्हा मागे.
बोटभर पडद्यावर तो कोपर
अकरा वेळा लागतो,
अकरा वेळा लागत नाही.

एल्विन अंकल स्टुलावर. रेल्वेतून रिटायर,
जिल्हा लीगमध्ये तेवीस वर्षं पंच.
विचारल्याशिवाय बोलत नाहीत,
आणि पोरं विचारत नाहीत.
मीच विचारलं.
"मोतीबागेत फायनल होती. मे महिना, वावटळ सुटलेली.
बॉल जाळीत दिसला, मी शिट्टी मारली.
धूळ बसल्यावर पाहतो, तर जाळीला बाजूनं भोक.
बकरी जाईल एवढं."
मग?
"मग काय. शिट्टी वाजली होती."
पोरं हसली.
"त्यांचा गोलकी अजून भेटते मला सदरच्या बेकरीत.
गुड मॉर्निंग अंकल म्हणते, पाव घेते, जाते.
एकदाही विषय काढला नाही त्यानं.
काढला असता तर बरं झालं असतं."

गुरुवारी जर्मनीचा संघ जाहीर झाला.
सव्वीस नावं. ब्र्युक्नर नाही.
दुकानात सुतक.
सुगतनं कोचला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.
मग कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
त्यांनी आपला संघ लिहायला घेतला.
त्यांचे सत्तावीस झाले.
कोणाला गाळायचं यावरून शादाब
आणि नागेश्वररावांचा धाकटा दोन दिवस बोलले नाहीत.

मी ब्र्युक्नरला ओळखते ते त्याच्या यूवरून.
पहिल्यांदा छापला तेव्हा वरची दोन टिंबं राहिली.
सुगत जर्सी घेऊन परत:
"ताई, टिंबं नसले तर तो माणूसच वेगळा होते."
मी उरलेल्या पांढऱ्या तुकड्यातून
कागदाला भोक पाडायच्या मशीननं
दोन ठिपके पाडले, टिकलीएवढे,
आणि इस्त्रीच्या टोकानं बसवले.
त्याचे पैसे नाही घेतले.

आज तीच जर्सी पुन्हा टेबलावर.
"नाव काढून टाका. दुसरं छापा."
कोणाचं?
त्याला ठरवता येईना.
म्हटलं, तुझंच टाकू? मेंढे. एकाच टिंबात भागते.
"आपल्याले कोण सिलेक्ट करते, ताई,"
म्हणाला, आणि पंख्याकडे बघू लागला.

मी कापड तापवलं,
चिमट्यानं एकेक अक्षर उचललं.
नाव निघालं.
पण दोन उन्हाळ्यांत सगळी पाठ विटून राखेसारखी,
आणि अक्षरांखालचं तेवढं काळं
दुकानातून आणल्यासारखं कोरं.
आता तर ब्र्युक्नर लांबूनही वाचता येतो.

सुगतनं जर्सी उजेडात धरली,
उलटी केली, सुलटी केली.
"हे आधी दिसत होतं का?"
एल्विन अंकल चष्मा पुसत होते.
त्यांनी काही निकाल दिला नाही.

"राहू द्या," म्हणाला. घातली,
आणि बाईकवर शादाबच्या मागे बसून गेला.

रात्री घरी पाय धुताना
टाचेला एक टिंब चिकटलेलं सापडलं.
दुसरं अजून
दुकानातच कुठे तरी असेल.