चुकीच्या फळीवर

पत्र आलं तेव्हा मी फाटक्या पुस्तकांच्या पाठीला कापड लावत होते.
'बाल व किशोर वाचक सेवा : दोन दिवसांचे प्रशिक्षण.
उपस्थिती अनिवार्य. प्रवासभत्ता देय नाही.'
बोटांची खळ कागदाला लागली, पत्र हाताला चिकटून बसलं.
एकोणीस वर्षं मी पोरांना 'हळू बोला' सांगत आले,
आता या वयात मला बोलायला कोण शिकवणार?

घोले रोडचं सभागृह. छातीवर टाचणीनं लावलेलं नाव,
तेही चुकलेलं : लोणकरची लोणारकर.
गार उपमा. तीन भाषणं. माइकची शिट्टी.
मग ऋजुता नावाची पोरगी आली, माझ्या भाचीएवढी,
म्हणाली, "खुर्च्या बाजूला करा. खाली बसा सगळे."
खडकी शाखेचे तांबोळी, गुडघ्यांनी बेजार,
भिंत धरून उतरले, अंधारात जिना उतरावा तसे.
"आता वर बघा," ती म्हणाली, "इथून
तुमचं काउंटर केवढं दिसतं?"
कुणीतरी हसलं.
मग नाही हसलं कुणी.

दुपारी तिनं विचारलं,
"तेराव्या वर्षी तुम्ही लपवून काय वाचलंत?"
पंखा फिरत राहिला. कुणी रुमाल काढला, कुणी मोबाइल.
तांबोळीच बोलले शेवटी :
"शेजारच्या रद्दीतली शिवणकामाची मासिकं.
टेलर व्हायचं नव्हतं हो मला.
कॉलर मानेला कशी बसते, तेवढं बघायचं होतं."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "आठवत नाही."

आठवत होतं.
सातवीत होते, तालुक्याचं वाचनालय,
आरोग्याच्या पुस्तकातलं एक पान.
घरात जे कुणी सांगत नव्हतं ते त्यावर आकृतीसह होतं.
फाडताना आवाज होऊ नये म्हणून
मी मुद्दाम खोकले होते.
पान पिठाच्या डब्याखाली राहिलं, मग कुठं गेलं कुणास ठाऊक.
तेव्हापासून किती पुस्तकं शिवली, मोजली नाहीत.
ते एक सोडून.

सोमवारी शाखा उघडली, ताडीवाला रोड, सकाळचे आठ.
गॅझेटियरच्या फळीवर, जिथं महिनोन्‌महिने माणूस फिरकत नाही,
तिसऱ्या खंडामागे घुबडांचं मोठं चित्रमय पुस्तक.
५९८चं पुस्तक ९५४मध्ये!
हात आपोआप गेला. एकोणीस वर्षांची सवय :
चुकलेलं उचलायचं, जागेवर न्यायचं, चुकवणाऱ्याला शोधायचं.

"राहू द्या मॅडम," मागून चिंधूमामा म्हणाले, हातात फडकं.
"ओव्हाळांचा सुमेध ठेवतो. आठवीतला.
अनामत भरायला नाही घरी, म्हणून घरी नेता येत नाही.
दुसऱ्यानं नेलं तर, ही भीती.
रोज पाच-सहा पानं वाचतो, उभ्यानंच.
दिवाळीपासनं चाललंय.
मी वरची धूळ तेवढी पुसतो."

मामांना पत्र आलं नव्हतं.
शिपाई या पदाला प्रशिक्षणाची तरतूद नाही.

पुस्तक उघडलं. एकशे बाराव्या पानावर
बसचं तिकीट, खूण म्हणून.
गव्हाणी घुबडाचा चेहरा, कापलेल्या सफरचंदासारखा.
मी ते मिटलं, तिसऱ्या खंडामागे
होतं तसं सरकवलं, थोडं बाहेर,
त्याचा हात पोचेल इतकं.
आणि तिथं एक स्टूल ठेवलं.

अनामतीचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.
नियम आहे. सहीचा अधिकार माझा नाही.

संध्याकाळी अभिप्रायाचा फॉर्म भरायला घेतला.
'या प्रशिक्षणातून आपण काय शिकलात? (तीन ओळींत)'
पहिल्या ओळीत मी आडनाव दुरुस्त करून लिहिलं.
दुसऱ्या ओळीत चिंधूमामांचं नाव, पूर्ण,
जे मला त्यांनाच विचारावं लागलं.
तिसरी ओळ रिकामी आहे.
बाहेर चपला काढल्याचा आवाज आला.
शाळा सुटली असावी.